गोळीचा साचा व बाराचें माप

बंदूक आणि तोफ हे दोन शब्द आपल्या जुन्या कागदांत पानोपानीं येतात; त्यांच्या मूळ अर्थाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. अरबींत 'बुंदुक' हें एका कवचीच्या फळाचें नांव होय. त्या फळाएवढी जी गोळी कमठ्यानें मारीत, तिलाही पुढें तेंच नांव पडलें, आणि शेवटीं गोळी फेंकणाऱ्या नळीस तें चिकटलें. कित्येकांनीं हा शब्द व्हेनिस शहराच्या अरबी नांवावरून काढला आहे. पण फळावरून गोळी व गोळीवरून शस्त्र ही परंपरा अधिक सरळ दिसते. तुर्की भाषेंत 'तोप' म्हणजे चेंडू, वाटोळा गोळा, त्यावरून तोफ. म्हणजे दोन्ही शस्त्रांचें नामकरण त्यांच्या पोटांतून बाहेर पडणाऱ्या वस्तूवरून झालें आहे. असें असतां आपल्याकडील संग्राहक नळी जपून ठेवतात, दस्त्यावरील रुप्याचें काम पुसून लख्ख करतात, आणि त्याच घरांतून निघालेला गोळीचा साचा, बाराचें माप व दारूचें शिंग हीं तांब्यालोखंडाच्या भावानें मोडींत जातात. नांव ठेवणाऱ्यांनीं गोळीस प्रधान मानलें, जमविणाऱ्यांनीं नळीस. या लेखांत त्या मोडींत जाणाऱ्या साधनांचा विचार करावयाचा आहे. तीं कोणतीं होतीं, घरीं बार तयार करणारा मनुष्य तीं कशावरून निवडी, आणि तीं हरवलीं म्हणजे बंदुकीबद्दल आपण काय काय गमावतों, हें दाखविण्याचा हेतु आहे.

मराठी फौजेंत बारगीर आणि शिलेदार हा भेद सर्वांस ठाऊक आहे. बारगिरास घोडा व हत्यार सरकारचें. शिलेदाराचें दोन्ही स्वतःचें. बंदुकीच्या बाबतींत हाच भेद दारूगोळ्यापर्यंत जातो. ज्याची बंदूक स्वतःची, त्याला गोळीही स्वतःच ओतावी किंवा ओतवून घ्यावी लागे. कारण लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून व ठोकून केलेल्या नळ्यांत दोन नळ्यांचें तोंड नेमकें सारखें निघणें हा योगायोगच. अबुल फज़लनें ऐने-अकबरींत अकबराच्या कारखान्यांतील बंदुकांचें वर्णन केलें आहे, तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. नळीवर कच्च्या लोखंडाचें व उरलेल्या लोखंडाचें वजन, लोखंड कोठलें, कारागीर कोण, बंदूक कोठें व केव्हां झाली आणि तिचा अनुक्रमांक कोणता, हें सर्व कोरीत असत. बादशाही कारखान्यांतही प्रत्येक नळी ही एक स्वतंत्र व्यक्ति होती, म्हणूनच तिला नांवगांव द्यावें लागलें. मग खेड्यांतील लोहारानें केलेल्या तोडेदार बंदुकीची गोष्ट बोलावयासच नको. नळी आधीं, तिच्या मापानें साचा मागून, असाच क्रम होता. आजही साच्यावरून बंदूक ओळखतां येते ती याच कारणानें.

साचा निवडतांना पहिला प्रश्न गोळी नळीपेक्षां किती लहान असावी हा. वरवर पाहतां गोळी नळींत घट्ट बसावी हें उत्तम; वारा बाजूनें निसटत नाहीं व नेम सुधारतो. पण काळ्या दारूची राख नळींत बसते, आणि पांचदहा बार झाल्यावर तीच गोळी अर्ध्या वाटेवर अडकते. लढाईंत गज ठोकीत बसण्यास वेळ कोठला? म्हणून युद्धाच्या बंदुकीस सैल गोळी व शिकारीच्या बंदुकीस घट्ट गोळी, कधीं तेलकट चिंधींत गुंडाळलेली, अशी निवड होई. यावरून एक उपयुक्त अनुमान निघतें. साचा व नळी दोन्ही हातीं असतील आणि गोळी फारच सैल पडत असेल, तर दोन शक्यता संभवतात : साचा परका आहे, किंवा बंदूक लढाईंत वापरलेली आहे. दोहोंपैकीं कोणती, हें नळी नीट तपासल्याशिवाय सांगूं नये.

येथें थोडें गणित करणें भाग आहे. वाचकांनीं कंटाळूं नये. गोळीचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें. पंधरा मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सुमारें २० ग्रॅम भरते, आणि सोळा मिलिमीटरची सुमारें सव्वाचोवीस. व्यासांत एका मिलिमीटराचा फरक, वजनांत पांचव्या हिश्श्याहून अधिक. म्हणून बोटानें किंवा डोळ्यानें न कळणारा फरक तराजू तत्काळ सांगतो, आणि म्हणूनच जुन्या लोकांनीं नळीचें माप लांबीच्या एककांत न सांगतां वजनांत सांगितलें. 'बारा बोर' या आजही प्रचारांत असलेल्या शब्दाचा अर्थ हाच. त्या नळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचा एक पौंड होतो, म्हणजे प्रत्येक गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची. जुन्या यादींत गोळीचें वजन दिलेलें आढळल्यास याच रीतीनें मागें जाऊन नळीचा व्यास काढतां येतो. मात्र एक सावधगिरी अवश्य पाळावी. तोळा १८० ग्रेनांचा कंपनी सरकारनें १८३३ सालीं ठरविला. त्यापूर्वीं तोळा, मासा व शेर हीं प्रांतोप्रांतीं वेगळीं होतीं. पेशवाईंतील तोळ्यास आजच्या ११.६६ ग्रॅमांचा समजून केलेला हिशेब तितकाच कच्चा राहणार.

साचा दगडाचा, पितळेचा किंवा लोखंडाचा असे. मऊ दगडाच्या दोन फळ्यांत अर्धे अर्धे गोल कोरून, त्या एकमेकींवर बसवून, एकाच वेळीं पांचसहा गोळ्या ओततां येत. असा साचा घरापेक्षां कारखान्यास किंवा गढीस अधिक योग्य. एकट्या मनुष्यास सोयीचा साचा म्हणजे सांडशीसारखा, दोन दांड्यांचा व टोंकाशीं एकच पोकळी असलेला. कांहीं साच्यांत दांड्यांच्या बुडाशींच धार ठेवलेली असते. ओततांना वरच्या भोकांत जें शिसें राहतें त्याचा गोळीस देंठ फुटतो. तो त्या धारेनें छाटावयाचा. हा छाटलेला देंठाचा चपटा डाग गोळीच्या अंगावर कायम राहतो. किल्ल्यांच्या माचीवर किंवा नांगरलेल्या शेतांत सांपडणाऱ्या गोळ्यांवर तो डाग दिसल्यास गोळी साच्यांतली आहे हें निश्चित. साचा थंड असतां शिसें ओतल्यास गोळीस सुरकुत्या पडतात. म्हणून पहिल्या कांहीं गोळ्या पुन्हां भांड्यांत टाकण्याचा सर्वत्र प्रघात असे. साच्याच्या आंतील बाजूस काजळी धरीत, म्हणजे धातु सर्व कोपऱ्यांत पोंचे. जुन्या साच्याच्या पोटांत काळा थर दिसला तर तो मळ समजून घासूं नये. तो त्याच्या वापराचा पुरावा आहे.

शिसें स्वच्छ हवें, हीही एक निवडच. कथील मिसळलेलें शिसें कठीण होतें, पण हलकें; त्याच साच्यांतून ओतलेल्या दोन गोळ्या मग सारख्या वजनाच्या राहत नाहींत. इंग्रज कंपनीच्या जहाजांतून बनातीबरोबर हिंदुस्थानांत जो माल नियमानें येई, त्यांत शिसें हें मुख्य. आपल्या शत्रूंच्या वखारींतून आलेलें शिसें ओतून त्यांच्यावरच झाडण्याचे प्रसंग या व्यापारामुळें अटळ होते. पण त्याचा विचार येथें नको.

घरीं गोळ्या ओतण्याचा सर्वांत तपशीलवार हिशेब मला ठाऊक आहे तो आपल्या देशांतील नाहीं, अमेरिकेंतील आहे. १७७६ च्या जुलै महिन्याच्या ९ तारखेस न्यूयॉर्क शहरांतील राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा लोकांनीं पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकट प्रांतांतील लिचफील्ड या गांवीं ऑलिव्हर वुल्कॉट याच्या घरीं नेले, आणि त्या घरच्या व शेजारच्या बायकामुलांनीं त्यांच्या गोळ्या ओतून काडतुसें केलीं. वुल्कॉटनें कोणी किती केलीं याची नांवनिशीवार नोंद ठेविली. एकूण आंकडा ४२,०८८. लढायांचीं वर्णनें पुष्कळ मिळतात, परंतु दारूगोळा प्रत्यक्ष कोणाच्या हातून तयार झाला हें सांगणारा कागद विरळा. तो राखून ठेवणाऱ्यांचें कौतुक करावें तितकें थोडें. त्याच देशांतील दुसरें एक उदाहरण साधनांच्या निवडीचें उत्तम आहे. १८०४ ते १८०६ या वर्षांत मेरीवेदर ल्यूइस व विल्यम क्लार्क पश्चिम समुद्रापर्यंत जाऊन आले. त्यांची दारू शिशाच्या डब्यांत होती. प्रत्येक डब्यांत चार पौंड दारू, आणि रिकाम्या डब्याचें वजन आठ पौंड शिसें. दारू संपली कीं डबाच वितळवून त्या दारूपुरत्या गोळ्या ओतावयाच्या. पाणी आंत शिरत नसे, रिकामें ओझें उरत नसे, आणि दारू व शिसें यांचें प्रमाण आपोआप राखलें जाई.

आतां मापाकडे वळूं. दारू हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ औषध. चिनी भाषेंतही बंदुकीच्या दारूस 'अग्नीचें औषध' अशाच अर्थाचा शब्द आहे. औषधास जशी मात्रा, तसें दारूस माप, आणि मात्रा चुकली असतां दोहोंचा परिणाम एकच. बाराचें माप म्हणजे शिंगाच्या टोंकाची, हाडाची किंवा पितळेची एक लहानशी नळी; दारूच्या शिंगांतून तींत दारू घ्यावयाची व ती बंदुकींत ओतावयाची. युरोपांत सोळाव्या-सतराव्या शतकांत शिपाई अशा मापून भरलेल्या नळ्यांचा पट्टा खांद्यावर अडकवीत. मापाची निवड दोन गोष्टींवर अवलंबून राही : नळी किती दमाची, आणि दारू कोणत्या घाटाची. दुसरी गोष्ट आपण नेहमीं विसरतों. दारूचे दाणे जाड कीं बारीक, सोरा किती शुद्ध, दारू सुकी कीं सर्दलेली, यांवर तिचें बळ ठरे. एका गांवच्या दारूसाठीं बांधलेलें माप दुसऱ्या गांवच्या दारूस चालेलच असें नाहीं. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखाना राहत्या घराजवळ व घरावरून वारा वाहील अशा जागीं नसावा, दारू तळघरांत जपावी आणि ठराविक दिवसांनीं बाहेर काढून तिला ऊन द्यावें, अशी व्यवस्था सांगितली आहे. सह्याद्रीच्या पावसांत हें ऊन देणें चुकलें कीं मापही खोटें ठरे.

दारूचीं पात्रें दोन असत, एक मोठें व एक लहान. मोठ्यांत बाराची दारू. लहानांत कानावर घालण्याची बारीक दारू, तिला रंजक म्हणत. संग्रहालयांत हस्तिदंतावर हरणें, वाघ कोरलेल्या ज्या इवल्या मोगली कुप्या दिसतात त्या बहुधा रंजकेच्या. त्यांच्या तोंडाशीं कमानीची एक लहान झांकणी असते. बोट उचलतांच ती आपोआप मिटते, म्हणजे जळत्या जामगीची ठिणगी आंत जाण्यास वाव नाहीं. नक्षी नसलेलें साधें शिंग व सुंदर रंजकदानी एकाच मनुष्याच्या कमरेस होतीं, हें विसरून बाजारांत रंजकदानी तेवढी विकली जाते. शिंगाचें काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

संस्कृत वाचकांस येथें शुक्रनीतीची आठवण होईल. तींत लघुनालिक व बृहन्नालिक अशीं दोन यंत्रें वर्णिलीं आहेत. लघुनालिकाची लांबी पांच वितींची, नेम धरण्यास तिलबिंदु, नळीचें बीळ मधल्या बोटाएवढें, दारू ठासण्यास शलाका, गोळी शिशाची किंवा अन्य धातूची. सोरा, गंधक व कोळसा यांचें अग्निचूर्णही सांगितलें आहे. गुस्ताव ओपर्ट यानें १८८० सालीं या आधारावर आग्नेयास्त्रांचें मूळ प्राचीन भारतांत नेलें, आणि आमच्यापैकीं अनेकांस तें गोड वाटलें. परंतु त्याच वर्णनांत नळीच्या कर्णमूलाशीं यंत्राच्या आघातानें अग्नि पाडणारा दगड आहे. हा दगड म्हणजे चकमकीची बंदूक, ज्या बंदुकीस मराठींत पथरकळा म्हणत. आणि ती युरोपांतच सतराव्या शतकांत रुळली. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं हा ग्रंथ, निदान त्याचें आजचें रूप, एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें प्रतिपादन केलें. त्यांच्या सर्व प्रमाणांचा ऊहापोह येथें करीत नाहीं. दगडाचें एक प्रमाण मला पुरेसें वाटतें. ग्रंथ अर्वाचीन ठरल्यानें त्याची किंमत कमी होत नाहीं. आपल्या देशांतील एका शास्त्रज्ञ पंडितानें समोरची बंदूक पाहून तिचे अवयव संस्कृतांत नांवें देऊन लिहून ठेवले, ही गोष्ट लहान नव्हे. आणि नळीचें बीळ बोटानें मापणारा हा पंडित, बंदुका अजून एका मापाच्या झालेल्या नव्हत्या, हेंही नकळत सांगून जातो.

एक माप आलें तें कवाइती पलटणींबरोबर. इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी चकमकीच्या बंदुका घेऊन १७६१ त पानिपतावर उभ्या राहिल्या. पुढें महादजी शिंद्यांच्या पदरीं दि बॉयनच्या पलटणी आल्या, आणि आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिरानें तोफा ओतल्या व दहा रुपयांस एक अशा पडत्यानें बंदुका केल्या, असें कॉम्प्टननें नमूद केलें आहे. अशा पलटणींत प्रत्येकानें आपला साचा बाळगणें शक्य नव्हतें. कंपनीच्या फौजेकरितां झालेली जी बंदूक इंग्लंडच्या सरकारनेंही १७९७ च्या सुमारास आपल्या सैन्यास दिली, तिचें उदाहरण घेऊं. नळीचें तोंड पाऊण इंच, गोळी ०.६९ इंच. नळी पौंडास अकरा गोळ्यांची, आणि प्रत्यक्ष गोळ्या मात्र पौंडास चौदा. एकेक सुमारें पावणेतीन तोळ्यांची. दीड मिलिमीटरची ही सैलाई मुद्दाम ठेवलेली. घाईंत, राखेनें भरलेल्या नळींतही, कोणत्याही शिपायाची गोळी कोणत्याही बंदुकींत खालपर्यंत जावी, एवढाच हेतु. नेमाची हौस त्यांत नव्हती. गोळी व मापलेली दारू एकाच कागदी पुडींत बांधून शिपायाच्या तोसदानांत आली. त्या पुडीचें काडतूस हें नांव पोर्तुगीज 'कार्तूश' या शब्दापासून आलें. शिपायाच्या कमरेचा साचा गेला, माप गेलें. निवड कारखान्यांतील कारकुनाच्या हातीं गेली.

या बदलाची किंमत १८५७ त कळून आली. एनफील्डच्या रायफलीची नळी ०.५७७ इंचाची व आंतून पीळदार खांचांची. तिचें काडतूस घट्ट बसे म्हणून त्यास चरबी लावावी लागे. ती चरबी कशाची, हें डमडमच्या कारखान्याबाहेरील कोणास ठाऊक नव्हतें. ज्या शिपायाचा बाप स्वतःच्या साच्यांत गोळी ओतून घरच्या तेलाची चिंधी तीस गुंडाळीत होता, त्यास आतां दुसऱ्यानें बांधलेली पुडी दातानें तोडावयाची होती. जानेवारी १८५७ च्या अखेरीस सरकारनें बिनचरबीचीं काडतुसें देऊन लेप शिपायांनींच आपल्या पसंतीनें बाजारांतून आणावा अशी मोकळीक दिली, आणि पुढें दातांऐवजीं हातानें पुडी फाडण्याची कवाईतही काढली. म्हणजे जें काम घरांतून कारखान्यांत नेलें होतें, त्याचा शेवटचा भाग घाईघाईनें घरीं परत दिला. तोंपर्यंत विश्वास उडाला होता. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या पुस्तकांत महूच्या बाजूस भेटलेल्या शिपायांच्या तोंडीं काडतुसांची जी हकीकत आली आहे, ती वाचतांना हा साच्याचा इतिहास ध्यानांत ठेवावा; बंडाचीं कारणें अनेक असलीं तरी या एका कारणास एवढी धार कां चढली, हें त्यावरून उमगतें.

पुढें धातूचें काडतूस आलें आणि एक विलक्षण गोष्ट घडली : घरगुती बार पुन्हां जिवंत झाला. पितळी कवच एकदां उडविल्यावर फेंकून न देतां पुन्हां भरतां येतें. मात्र तें सुलभपणें भरतां येईल कीं नाहीं, हें बुडाशीं बसणाऱ्या टोपीवर अवलंबून आहे. १८६६ च्या सुमारास दोन पद्धति निघाल्या. इंग्रज अधिकारी बॉक्सर याच्या पद्धतींत टोपीची ऐरण टोपीतच असते व कवचाच्या बुडास मध्यें एकच भोंक असतें. आंतून सळई घालून जुनी टोपी सहज पाडतां येते. अमेरिकन बर्डन याच्या पद्धतींत ऐरण कवचाचाच भाग असते व भोकें बाजूस असतात; तेथें सरळ सळईचें काम नाहीं. दैवगति अशी कीं, इंग्रजाची पद्धति अमेरिकेंत रुजली व अमेरिकनाची युरोपांत. घरीं काडतुसें भरण्याचा छंद अमेरिकेंत फोफावला, त्याचें एक कारण हें एक भोंक होय. न्यू हेवन येथें जॉन बार्लो यानें १८८४ त काढलेल्या आयडियल कंपनीचें चिमट्यासारखें हत्यार प्रसिद्ध आहे. त्याच्या कांहीं नमुन्यांत गोळीचा साचा, जुनी टोपी पाडण्याची व नवी बसविण्याची सोय, आणि गोळी कवचांत दाबण्याची कोठी हीं सर्व एकाच दांड्यांत असत. जुन्या शिलेदाराच्या सांडशीचा हा थेट वंशज. मात्र त्यांत एक दोष होता : प्रत्येक जातीच्या काडतुसास वेगळें हत्यार घ्यावें लागे. प्रत्येक नळीस वेगळा साचा, ही जुनी अडचण या रूपानें परत आली. १९२५ त ती कंपनी लायमन यांनीं घेतली.

हिंदुस्थानांत संस्थानिक, मळेवाले साहेब व हौशी शिकारी बारा बोराचीं काडतुसें घरीं भरीत. त्यांचीं कागदी कवचें पावसाळी हवेंत फुगत व नळींत शिरत नसत, म्हणून पितळी कवचें पसंत करणारे येथें होते. शेफील्डच्या डिक्सन व हॉक्सली या कारखान्यांचीं साधनें नांव कोरलेलीं असल्यानें ओळखूं येतात. पण ज्यांचें नांव झिजलें, त्यांची दैना पाहवत नाहीं. मेजाच्या कडेस आंवळून बसविण्याचें व मुठीनें फिरविण्याचें एक यंत्र असतें. कागदी कवचाचा काठ आंत मुडपण्यासाठीं तें असे. एका जुन्या वाड्यांतील वस्तूंच्या यादींत तें 'शेवयांचें यंत्र, मोडकें' म्हणून चढलेलें मीं पाहिलें आहे. दांडीचें पितळी माप, ज्यावर अंक कोरलेले असतात, तें औषधाचें माप म्हणून खपतें. हे अंक ड्रामचे. सोळा ड्रामांचा एक औंस, म्हणजे एक ड्राम सुमारें १.७७ ग्रॅम. नमद्याच्या चकत्या पाडण्याचा पोलादी ठसा चांभाराचा समजला जातो. अशा चारपांच वस्तु एका पेटींत एकत्र आढळल्यास पेटी फोडूं नये; त्यांचा अर्थ त्यांच्या सांगातांत आहे.

या मापांविषयीं एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. फ्रान्समध्यें व्हिएय यानें १८८४ च्या सुमारास बिनधुराची दारू सिद्ध केली व १८८६ पासून ती सैन्यांत रूढ झाली. ती काळ्या दारूपेक्षां फारच जोरकस. काळ्या दारूच्या मापानें ती भरल्यामुळें त्या काळांत बंदुका फुटून हात गेले. म्हणून जुनें माप हें कागदासारखें वाचावें, वापरूं नये. जुन्या शिंगांत दारू उरलेली असल्यास ती शंभर वर्षांची म्हणून मेली असें मानूं नये. कोरडी राहिलेली काळी दारू पेट घेते. ठासणीची जुनी बंदूक भरलेलीच भिंतीवर टांगलेली असणें हेंही नवलाचें नाहीं. गज तोंडांतून हलकेच आंत सोडावा, तोंडाशीं खूण करावी, व तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. त्याचें टोंक कानापर्यंत पोंचत नसेल तर आंत कांहीं आहे असें समजून जाणत्या शस्त्रकारास बोलवावें. १८७८ च्या कायद्यानें परवान्याशिवाय शस्त्र व दारूगोळा बाळगणें गुन्हा ठरला; आज १९५९ चा अधिनियम लागू आहे. दुरुस्त करूनही चालणार नाहींत अशा जुन्या शस्त्रांस त्यांत सवलत आहे, पण चालूं शकणाऱ्या ठासणीच्या बंदुकीस ती नाहीं, आणि दारूगोळा तयार करण्यास तर परवाना लागतोच. कोंकणांत शेतीच्या रक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीचे परवाने घरोघरीं चालत आले; अशा घरांतील साचा व शिंग यांची नोंद ती पिढी हयात आहे तोंवर करून घ्यावी.

नोंद कशी करावी याविषयीं थोडें. साच्यांत शिसें ओतून पाहण्याचा मोह टाळावा; वाफा घातक, आणि आंतील जुना थर जातो. दंतवैद्य दांतांचा ठसा घेण्यास जी सिलिकोनची लुगदी वापरतात, तिनें पोकळीचा ठसा निर्दोष येतो. ठशाचा व्यास दोन काटकोनी दिशांनीं मापावा, कारण झिजलेल्या साच्याच्या दोन फळ्या सरकलेल्या असतात. नळीचें माप अगदीं तोंडाशीं घेऊं नये. गजाच्या घासण्यानें तोंड पसरलेलें असतें, म्हणून तीनचार बोटें आंत घ्यावें. दोहोंतील फरक मिलिमीटरच्या दशांशापर्यंत लिहावा. साच्याच्या दांडीवर अंक, अक्षर किंवा देवनागरी खूण असल्यास तिचा कागदावर ठसा घ्यावा; तीच खूण नळीवर सांपडली तर दोहोंचें नातें निर्विवाद. शिशाच्या गोळ्या ताज्या लाकडाच्या किंवा चिकटवलेल्या फळ्यांच्या बंद पेटींत ठेवूं नयेत. त्या लाकडांतील आंबट वाफेनें शिशावर पांढरी भुकटी चढते व गोळी झडत जाते. गोळी कोणत्या किल्ल्याच्या कोणत्या बुरुजाखालीं सांपडली तें सांपडल्या दिवशींच चिठ्ठीवर लिहावें.

ज्या सभासदांच्या संग्रहीं असे साचे आहेत, त्यांनीं पोकळीचा व्यास, साच्याची धातु, दांडीवरील खूण व तो कोणत्या घराण्यांतून आला एवढ्या चार गोष्टी कळविल्यास त्यांचें एक कोष्टक करण्याचें काम प्रस्तुत लेखक आनंदानें अंगावर घेईल. बंदूक उपलब्ध नसली तरी साचा कळवावा. नळी दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर असेल.